दर सोमवारी जुनी कॉपी पुसायची

कळंबला आमचं ऑफिस आहे, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती मोंढ्यातल्या एका आडत दुकानाच्या वरची खोली आहे. खाली सोयाबीन उतरलं की वर कीबोर्डमध्ये भुसकट येतं, आणि तुरीच्या दिवसात मी शिंकत शिंकत प्रोग्रॅम लिहितो. कंपनी पुण्याची आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ती सॉफ्टवेअर करते. काट्यावर दूध ठेवलं की वजन येतं, मग फॅट येतं, मग घालणाऱ्याचा कोड दाबला की छोटी पावती बाहेर येते. एवढंच. पण एवढंच बिघडलं तर सकाळी सहाला चाळीस माणसं किटल्या घेऊन उभी राहतात आणि त्यांतला एक जण मला फोन लावतो.

खोलीत आम्ही दोघं. एक मी, दुसरे काका. काका साठीला टेकलेत. या सॉफ्टवेअरची पहिली ओळ त्यांनी लिहिली, त्यामुळं पुढच्या सगळ्या ओळी बिघडवणारे लोक त्यांना नातवंडांसारखे वाटतात. मी चाळिशीचा नातू. तिसरी व्यक्ती लोहाऱ्याला. ती घरून काम करायची. आधी ती तिथल्या तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात बसायची. पदवी संगणकाची होती, म्हणून कंपनीनं तिला एक वर्षाच्या बोलीवर घेतलं. वर्षभराचं काम बघून पुणे ठरवणार होतं, कायम करायचं की नाही. नाही केलं तर पुन्हा झेरॉक्स. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतोय, म्हणजे पुढं मी जे केलं ते अजाणता केलं, असं म्हणायची सोय मलाच राहायला नको.

आता दोन वह्यांचं सांगतो, नाहीतर माझा गाढवपणा नीट कळायचा नाही. प्रोग्रॅममध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. आमच्याकडं अशा दोन होत्या. जुनी एसव्हीएन. ती एकच वही, पुण्याच्या सर्व्हरवर ठेवलेली. नोंद करायची तर तिथपर्यंत पोचायचं. काकांचा जीव तिच्यात. नवी गिट. हिच्यात प्रत्येकाकडं पूर्ण वहीची नक्कल असते. आपापल्या घरी नोंदी करा, सवडीनं जुळवा. लोहाऱ्याला दुपारी नेट गेलं की गेलं, त्यामुळं तिला गिटशिवाय इलाज नव्हता. काकांना गिट शिकायची नव्हती. ‘मला आता नवी बायको नको,’ असं ते म्हणायचे, आणि काकू सोसायटीच्या कामाला खाली आलेल्या असल्या तर हळू आवाजात म्हणायचे.

म्हणून मधे पूल बांधला. तो पूल म्हणजे मी. ती तिच्या नोंदी गिटमधून माझ्या मशीनवर पाठवायची, मी एक कमांड मारून त्या पुण्याच्या जुन्या वहीत चढवायचो. असं जोडून देणारं साधन तयारच मिळतं. त्याचं माहितीपत्रक लांबलचक आहे. मी त्याचा पहिला पडदा वाचला.

पुण्याच्या वहीत शिरायला लॉगिन लागायचं. तिच्यासाठी वेगळं काढायचं तर पुण्याला मेल करा, मग त्या मेलची आठवण द्यायला दुसरा मेल करा. मी पहिला मेल लिहायला घेतला, तेवढ्यात काका मागून वाचत म्हणाले, “कशाला पायजे येगळं? तुझ्याच नावानं टाक की.”

“अहो काका, काम तिचं आहे.”

“मग? आमच्या गल्लीत डेअरीला दूध कोन घालतंय? सून घालती. धार कोन काढतंय? सूनच. कोड कुनाचा हाय? सासऱ्याचा. कवा डेअरी बंद पडली का त्याच्यामुळं?”

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, त्यात काही पटवून घेण्यासारखं आहे हेच जाणवलं नाही. आमच्या घरी गॅस आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन वर्षं लोटली. सिलिंडर अजून त्यांच्या नावानं येतो, आणल्यावर पोऱ्या त्यांना हाक मारतो, आणि आई आतून “हां, ठेव” म्हणते. नाव एकाचं, राबणारे सगळे, ही आमच्याकडं लबाडी नव्हेच. ती रीत आहे. मेल खोडला, माझं नाव आणि पासवर्ड घातला आणि ‘लक्षात ठेव’ या चौकोनात खूण केली. मशीननं लक्षात ठेवलं.

पहिले तीन महिने पूल चालला. मग एका सकाळी तेरखेड्याच्या केंद्रावरून फोन.

“सायेब, पावती निघंना.”

“कागद संपला असेल.”

“कागद हाय. काटा चालू हाय, फॅट येतंय. पावतीच निघंना. आता लोकं माझी पावती फाडतील.”

मी त्याला प्रिंटर बंद करून चालू करायला लावला. वायर काढून लावायला लावली. कागद उलटा घालायला लावला. मग कळंबजवळच्या दोन केंद्रांवरून तेच. काका म्हणाले, “तिन्ही प्रिंटर एकदम मेले असतील. साथ आली असंल.” मी तोवर नवे प्रिंटर पाठवायचा मेल निम्मा लिहिला होता.

ग्रुपवर तक्रारी वाचून पावणेसातला लोहाऱ्यावरून तिचा फोन आला. ती मला सर म्हणायची, मी तिला मॅडम. वयानं माझ्या भाचीएवढी, पण कामात अहोजाहो बरं असतं.

“सर, पावत्यांचं फोल्डर हाय का बघा बरं तिथं.”

फोल्डर नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर पावती छापण्याआधी क्षणभर ‘पावत्या’ नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतं. हे फोल्डर मुळात रिकामं असतं. जुनी वही रिकामं फोल्डरही सांभाळायची. गिट रिकामं फोल्डर धरतच नाही. गिटच्या हिशेबी आत काही नसेल तर ते नाहीच. आणि यावेळी केंद्रांवर गेलेली आवृत्ती मी पहिल्यांदाच गिटच्या नकलेवरून तयार केली होती.

“मग आता?”

“आत कायतरी ठेवावं लागतं, सर. एक फाइल टाकलीय मी. पाठवते.”

त्या फाइलमध्ये एकच ओळ होती: ‘हे फोल्डर काढू नये.’ मी ती वर चढवली, नवी आवृत्ती सोडली, आठच्या आत पावत्या सुरू झाल्या. संध्याकाळच्या कॉलवर पुण्याचे साहेब म्हणाले, “रिकाम्या फोल्डरचं चांगलं पकडलंत. नोंद बघितली मी.” मी म्हणालो, “टीमवर्क, सर.” हा शब्द मोठा सोयीचा. तो तोंडातून काढला की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, आणि आपण ते घेतलं नाही हेही लक्षात येत नाही. ती कॉलवर होती. तिचा माइक बंद होता.

त्यानंतर नवीनच दुखणं उपटलं. मी तिच्या नोंदी वर चढवल्या की माझं मशीन त्या नव्यानं लिहायचं, नवा क्रमांक देऊन. तिच्याकडं मात्र त्याच नोंदी जुन्या क्रमांकानं राहायच्या. पुढच्या वेळी दोन्ही जुळवायला गेलं की एकच बदल दोनदा दिसायचा आणि दोघांची जुंपायची.

“सर, माझंच काम माझ्याशीच भांडतंय,” ती म्हणाली.

मी दोन दिवस शोधलं. क्रमांक का बदलतात, नव्यानं लिहिताना अजून काय काय बदलतं, हे त्याच माहितीपत्रकात खाली होतं. मी खाली गेलो नाही. माझ्याकडं एक रामबाण आहे. पंख्यापासून प्रिंटरपर्यंत आणि फोनपासून सॉफ्टवेअरपर्यंत मी तोच वापरतो: काढून टाका, नवीन घ्या.

“मॅडम, दर सोमवारी सकाळी तुमची सगळी कॉपी पुसून टाकायची. माझ्याकडून ताजी घ्यायची. भांडण संपलं.”

“त्यात माझ्या जुन्या नोंदी जातील ना, सर?”

“वर आल्यात ना सगळ्या? मग ठेवून काय लोणचं घालायचंय?”

ती हसली. म्हणजे हसल्यासारखा आवाज आला. पुढं दर सोमवारी सव्वानऊला तिचा एका शब्दाचा मेसेज यायचा: ‘पुसली.’ मी अंगठा दाखवायचो. असे बरेच अंगठे दाखवले मी.

वर्ष संपायला महिना उरला होता. फॅटचा आकडा गोल करताना चुकतोय, अशी एका केंद्राची तक्रार आली. ते काम तिच्याकडं दिल्याचं मला पक्कं आठवत होतं. मी फोन लावला आणि जरा आवाज चढवलाच. कायम करायच्या तोंडावर अशी चूक बरी दिसत नाही, हेही वडीलकीनं ऐकवलं.

“असंल, सर,” ती म्हणाली. “एकदा बघा की कुणी केलंय ते.”

प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव दाखवणारी एक कमांड असते. ती मी मारली. त्या ओळीशेजारी माझं नाव होतं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “घावला का चोर?”

“घावला.”

“कोन?”

“मीच.”

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मीही हसलो. फोनवर तीही थोडी हसली असावी, मग म्हणाली, “ठेवते सर, नेट जाईल आता.” ती ओळ मी लिहिली होती की तिनं, ते नुसत्या त्या नावावरून मला सांगता येईना.

मग मी वरची ओळ पाहिली. माझं नाव. दुसरी फाइल उघडली. माझं. वजनाची फाइल, जी तिनं नव्यानं लिहिली होती आणि मला अजून नीट कळलेलीही नाही, तिच्यात वरपासून खालपर्यंत मी. ‘हे फोल्डर काढू नये’, त्याच्याही शेजारी मी. शेवटी मी संपूर्ण वहीत तिचं नाव शोधायला सांगितलं. मशीननं काहीच छापलं नाही. कर्सर पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिला.

लॉगिन माझं, म्हणून नोंद माझी. नोंद वर गेली की माझं मशीन तिची इकडची प्रतही माझ्या नावानं लिहायचं. तिचं नाव असलेली खरी प्रत तेवढी लोहाऱ्याला उरायची, सोमवारपर्यंत.

आता धस्स व्हायला पाहिजे, असं मला वाटलं. झालं नाही. काहीच झालं नाही. खाली तूर चाळायला लागले होते म्हणून मी उठून खिडकी लावली. परत बसलो. मग माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं. चढवताना कमांडमध्ये एक जादा शब्द घातला असता तर प्रत्येक नोंदीखाली मूळ लिहिणाऱ्याचं नाव गेलं असतं. एक शब्द. तिथं उदाहरणही दिलेलं होतं.

दुपारी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, ते गेल्या आठवड्यातच ठरलं. वरून नोंदींचा गोषवारा मागवला होता. तिच्या नावावर एकही नाही. मी तुम्हालाच विचारणार होतो, ती वर्षभर करत काय होती?”

मी सगळं सांगितलं. लॉगिन, पूल, डेअरीचा कोड. डेअरीचा कोड सांगायला नको होता.

“मला दोन दिवस द्या,” मी म्हणालो. “यादी करून देतो.”

यादी करणं अवघड गेलं नाही, कारण माझ्या आळसाचा प्रथमच कुणालातरी उपयोग झाला. नोंद करताना काय बदललं ते एका वाक्यात लिहायचं असतं. मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आलोय: ‘बदल’. ती पूर्ण वाक्य लिहायची. ‘वजन शून्य असताना पावती निघू नये म्हणून अट घातली.’ ‘वीज जाऊन आल्यावर शेवटचा कोड पुन्हा विचारावा.’ ‘म्हशीचं फॅट गायीच्या खान्यात जात होतं, थांबवलं.’ माझ्या नावाखाली अशी शेकडो वाक्यं, मधे मधे माझा ‘बदल’. तिची वाक्यं वेगळी काढत दोन दिवस बसलो. वाचताना कळत गेलं की वर्षभर सॉफ्टवेअर तिनंच चालवलं होतं. त्याचंही काही विशेष वाटलं नाही. फक्त जेवण बेचव लागत होतं, आणि बायको म्हणाली, मीठ बरोबर आहे.

साहेबांनी यादी पाहिली. “नोंदी तुमच्या नावाच्या. यादी तुम्ही केलेली. मी वर काय दाखवू? तिच्या मशीनवर मूळ नोंदी असतील ना? तिच्या नावाच्या. त्या पाठवा, मी पुन्हा बोलतो.”

“त्या नाहीत.”

“का?”

“दर सोमवारी पुसायच्या.”

“कुणी सांगितलं होतं?”

“मी.”

“बरं,” साहेब म्हणाले. “पुढच्या वर्षी जागा निघाली तर बघू.”

वर्ष भरलं त्या दिवशी तिनं लॅपटॉप कुरिअरनं परत पाठवला, पुसून. दोन आठवड्यांनी पुण्याचं फर्मान आलं: दोन वह्यांचा घोळ पुरे. एसव्हीएन बंद करा. जुना इतिहास नको, आज आहे तेवढी स्थिती उचला आणि गिटमध्ये पहिली नोंद करून कोरी सुरुवात करा. काम माझ्याकडं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मंजी माझं बी सगळं गेलं?”

“व्हय काका.”

“बरं झालं. लई चुका होत्या त्यात.” त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बशीकडं बघत बसले.

आता माझा शेवटचा पराक्रम. गिटमध्ये नोंद करताना लिहिणाऱ्याचं नाव आपल्या हातानं घालता येतं. त्या एकाच पहिल्या नोंदीत सगळं सॉफ्टवेअर जाणार होतं. म्हणजे जे नाव मी घालेन ते प्रत्येक ओळीशेजारी उमटणार. मी तिचं नाव घातलं. पुण्याला पाठवलं मात्र नाही. आधी तिला सांगावं असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर शाबासकी मिळेल असंही वाटलं. सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेलो, तिथून लोहाऱ्याला पोचेतो दुपार झाली.

दुकानात गर्दी होती. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज चालले होते. तिनं मला बघितलं, स्टूल पुढं सरकवलं, आणि एका म्हाताऱ्याच्या आधार कार्डाच्या दोन्ही बाजू काढून दिल्या.

“कसं येणं केलं, सर?”

मी सांगितलं. आता सगळ्या ओळींवर तुमचं नाव, काकांच्या ओळींवरही, माझ्याही. ती मशीनचं झाकण उघडं धरून ऐकत होती.

“काढा ते, सर.”

“का?”

“उद्या फॅट चुकलं की पुण्याचे लोक बघणार कुणी केलंय. नाव माझं. फोन मला यायचे. मी हितं झेरॉक्स काढू का तुमच्या पावत्या बघू?”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं, “तुमचं नाव कुठंच येत नाही, हे तुम्हाला कधी कळलं होतं?”

“तिसऱ्या म्हैन्यात. फोल्डरचं झालं तवा.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं हुतं की सोमवारचं. तुमी म्हनलात, लोणचं घालायचंय का.” ती हे रागानं म्हणाली नाही. “मला वाटलं, कंपनीत असंच असतंय. ह्ये दुकान अब्बांच्या नावावर हाय. अब्बा कवाच येत न्हायीत.”

मी स्टुलावर बसून राहिलो. एक बाई रेशन कार्ड घेऊन आली, तिचं झालं. मग तीच म्हणाली, “तुमी म्हणं माझ्या वाक्यांची यादी केली हुती. काका बोलले फोनवर. ती हाय का?”

“फोनमध्ये आहे.”

“पाठवा हिकडं. सोलापूरला एका ठिकाणी बोलावलंय. रिकाम्या हातानं काय दाखवू?”

मी पाठवली. तिनं छापली. बावीस पानं निघाली. तिनं ती ठोकून सरळ केली, पिन मारली, शेवटच्या पानावर खाली मोकळी जागा होती तिथं बोट ठेवलं. “हितं लिहा.”

“काय लिहू?”

“तुमी केलं न्हाय म्हणून लिहा.”

मी लिहिलं: ‘वरील सर्व कामं माझ्या नावावर नोंदलेली आहेत. ती मी केलेली नाहीत.’ सही केली. तिनं ते वाचलं, तारीख घालायला लावली, दोन झेरॉक्स काढल्या, आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घातली. एक झेरॉक्स मला दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्या पहिल्या नोंदीवरचं तिचं नाव काढलं. नावाची जागा रिकामी ठेवून पाहिली. मशीन घेत नाही. काकांना विचारलं, तुमचं घालू का? ते म्हणाले, “मला कशाला अडकवतो आता.” मग माझं घातलं आणि पाठवलं. काय बदललं या जागी एक पूर्ण वाक्य लिहायचं ठरवलं होतं. बराच वेळ सुचलं नाही, तेव्हा ‘बदल’ लिहिलं.

सोलापूरचं काय झालं, ते मला माहीत नाही. फोन लावून विचारता येईल. नंबर आहे माझ्याकडं.